शंभर माणसांची रेनेसाँ मेजवानी: ओव्हन, वाढपी आणि नंतरची बैठक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ओहायोतल्या तुमच्या गावात वाचनालयाच्या मदतीसाठी दरवर्षी एक दिवसाचा रेनेसाँ मेळा, म्हणजे जुन्या युरोपच्या थाटाची जत्रा, भरतो. दिवसा मैदानावर लुटुपुटीच्या लढाया, नाच, धनुर्विद्या, कारागिरांचे तंबू. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शंभरेक माणसांची मेजवानी. सगळं काम स्वयंसेवकांचं. मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची बाजू तुम्ही सांभाळता हे कळल्यावर गावकऱ्यांनी यंदा मेजवानी तुमच्या गळ्यात टाकली. गेल्या वर्षी जेवण दीड तास उशिरा सुरू झालं, बरंचसं अन्न उरलं आणि नंतरच्या आढावा बैठकीत दोघींनी ‘पुन्हा आम्हाला बोलवू नका’ असं सांगून टाकलं. आता मेन्यू काय ठेवू आणि यंदाची बैठक कशी घेऊ, असं तुम्ही विचारता आहात.

मी पेनसिल्व्हेनियात अशा मेजवान्यांच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं आहे. आधी भांडी घासली, मग वाढलं, आता मुख्य आचारी म्हणून उभी राहते. माझ्या मते मेन्यू सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी ओव्हन मोजा, मग हात मोजा, मग पैसे. आणि आढावा बैठक मेळ्यानंतर होत असली, तरी तिची तयारी मेळ्याच्या दिवशीच झालेली असावी लागते. नाहीतर दोन आठवड्यांनी प्रत्येक जण आपापली आठवण घेऊन येतो आणि त्या आठवणींचीच जुंपते. तुमच्याकडे गेल्या वर्षी नेमकं हेच झालेलं दिसतंय.

त्याआधी एक गोष्ट समितीकडून वदवून घ्या: तुमचा मेळा कोणत्या घराण्याचा? अमेरिकेत या छंदाची दोन घराणी आहेत. एक लॉस एंजेलिसचं. तिथे १९६३ साली फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने केपीएफके या रेडिओ केंद्राला निधी मिळावा म्हणून दोन दिवसांची जत्रा भरवली. तिकीट काढून बघायला जायचे जे मोठे मेळे पुढे देशभर पसरले, त्यांचं मूळ तिथलं. दुसरं बर्कलीचं. १ मे १९६६ रोजी एका घराच्या परसात काही मित्रमंडळींनी मध्ययुगीन थाटाची द्वंद्वं लावली आणि त्यातून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, सगळे म्हणतात ती एससीए, उभी राहिली. या दुसऱ्या घराण्यात प्रेक्षक नसतात. येणारा प्रत्येक जण सोळाशे सालाआधीचा पोशाख, निदान त्याचा प्रयत्न, अंगावर चढवून येतो. नसेल तर दारात उसना मिळतो. जेवायला येताना आपली थाळी, वाडगा, पेला आणि चमचा घरून आणतो आणि जेवून झाल्यावर घरी नेऊन घासतो. १९७२ साली सुरू झालेल्या त्यांच्या पेनसिक वॉरला आमच्याकडे स्लिपरी रॉकजवळ उन्हाळ्यात दहा हजारांच्या घरात माणसं जमतात आणि दिवसा वेताच्या काठ्यांनी लढतात.

तुमचा मेळा दिवसा पहिल्या घराण्याचा आहे आणि संध्याकाळी त्याला दुसऱ्या घराण्याचं व्हायचंय. यात वाईट काही नाही, पण मग दोन वेगळी तिकिटं हवीत, दोन वेगळे प्रमुख हवेत आणि दोन वेगळ्या तुकड्या हव्यात. सकाळी सातपासून तंबू ठोकलेला माणूस संध्याकाळी सहाला वाढायला उभा राहू शकत नाही. राहतो कधीकधी, पण त्याच्या हातून रश्श्याचा वाडगा सांडतो. थाळी-वाडगा घरून आणायची प्रथा मात्र बिनदिक्कत उचला. तिकिटावरच छापा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी थोडे संच ठेवा. घासायच्या भांड्यांचा निम्मा ढीग तिथेच कमी होतो.

आता ओव्हन. हॉल ठरला की त्याच आठवड्यात मोजपट्टी आणि थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघर बघून या. चर्चच्या हॉलमध्ये ‘पूर्ण स्वयंपाकघर आहे’ असं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा दोन घरगुती ओव्हन, आठ बर्नर आणि एक फ्रिज असतो. हॉटेलातला मोठा ट्रे अठरा बाय सव्वीस इंचांचा, तो घरगुती ओव्हनमध्ये जातच नाही. त्याच्या निम्म्या आकाराचा जातो. त्यात हाड काढलेल्या कोंबडीच्या मांड्यांचे वीसेक तुकडे नीट बसतात. माणशी एक तुकडा धरला तर शंभर जणांना पाच-सहा ट्रे. दोन ओव्हनमध्ये मिळून एका वेळी चार ट्रे. म्हणजे दोन घाणे काढावेच लागणार, आणि प्रत्येक घाण्यात कोंबडी आतून ७४ अंश सेल्सियसला पोचली की नाही हे थर्मामीटर खुपसून बघावं लागणार. त्यात कुणी ‘पावही गरम करून देऊ या’ म्हणालं की वेळापत्रक तिथेच कोसळलं. तुमचं जेवण दीड तास उशिरा का सुरू झालं हे मला माहीत नाही, पण पैज लावायची तर मी ओव्हनवर लावेन.

वीजही बघा. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातलं नेहमीचं सर्किट वीस अँपिअरचं, १२० व्होल्टचं, म्हणजे २४०० वॉटचं. अठरा क्वार्टचा विजेचा रोस्टर, म्हणजे भाजायचं झाकणाचं मोठं भांडं, सुमारे १४५० वॉट खातो. दोन रोस्टर एका सर्किटवर लावले की ब्रेकर पडलाच. कॉफीचं मोठं भांडंही साधारण तेवढंच खातं, आणि ते नेमकं कुणीतरी उत्साहाने तुमच्या रोस्टरच्या शेजारी लावतं. कोणता प्लग कोणत्या ब्रेकरवर आहे ते आधीच पाहून प्रत्येक प्लगवर चिकटपट्टीने आकडा लावून टाका. पाण्याचंही तसंच. घरगुती बर्नरवर वीस लिटर पाणी उकळायला तासभर सहज लागतो. मंडळाच्या गणपतीत तुम्ही परसात गॅसचा मोठा बर्नर लावत असाल. तो इथेही लावता येतो, फक्त हॉलवाल्यांची आणि अग्निशमन खात्याची परवानगी आधी घ्या. मेणबत्त्यांचं त्याच वेळी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी उघडी ज्योत चालत नाही, बॅटरीच्या मेणबत्त्या घ्याव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या पेल्यानंतर कुणाला फरक कळत नाही.

या मोजमापातून माझा एक नियम तयार झालाय: प्रत्येक फेरीत एकच पदार्थ ओव्हनचा, एक चुलीवरचा, बाकी सगळं थंड किंवा खोलीच्या तापमानाला चालणारं. त्या काळच्या मेजवानीत एका फेरीत अनेक पदार्थ एकदम टेबलावर येत, त्यामुळे हा नियम जुन्या रिवाजालाही धरून आहे. पहिल्या फेरीत पाव, लोणी, चीज, कोवळ्या पाल्याचं तेल-व्हिनेगर घातलेलं सॅलड आणि बार्ली आणि लीकचं (लीक म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) पॉटेज, म्हणजे घट्टसर सूप. दुसरीत आंबट द्राक्षरसाच्या सॉसमधली कोंबडी, चुलीवर परतलेले मशरूम, आदल्या दिवशी करून ठेवलेला पालकाचा टार्ट. तिसरीत मोहरीच्या सॉसबरोबर थंड डुकराचं मांस, फ्रुमेंटी म्हणजे दुधात शिजवलेले खपली-दलियासारखे गहू, आणि पंधराव्या शतकातल्या इटालियन स्वयंपाकातले चिलखती सलगम. सलगमाच्या चकत्या उकडून, चीजच्या पातळ कापांबरोबर थर लावून, वर लोणी, साखर, मिरी आणि गोड मसाला घालून भाजायचे. नाव ऐकून माणसं तोंड वाकडं करतात आणि वाडगा मात्र चाटूनपुसून परत येतो. शेवटी सफरचंदाचा टार्ट. यापेक्षा जास्त पदार्थ करू नका. मांसाचं म्हणाल तर, इतके पदार्थ असताना माणशी सगळं मिळून अर्धा पाउंड हाड नसलेलं कच्चं मांस पुरेसं होतं. घरी आपण पाहुण्यांना करतो त्या हिशेबाने केलंत की उरणारच.

बटाटा, टोमॅटो, मका, भोपळा, राजमा आणि मिरची हे सगळं अमेरिका खंडातलं. १४९२ नंतर ते युरोपात पोचलं, पण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या साध्या ताटात त्यातलं जवळजवळ काही नव्हतं. टर्कीचं उलट आहे. पक्षी सोळाव्या शतकात इंग्लंडात पोचला होता, पण जत्रेत हातात धरून खातात ती भली थोरली धुरकट तंगडी आजच्या मेळ्यांनी रूढ केली. दिवसाच्या स्टॉलवर ती विकायची असेल तर खुशाल विका, पैसे तिच्यातच आहेत. संध्याकाळी तेवढं टाळा. आणि कुणी टोमॅटो आणलाच तर त्याच्यावर पहारेकऱ्यासारखे तुटून पडू नका. स्वयंसेवक टोमॅटोपेक्षा दुर्मिळ असतात.

मसाल्यांच्या बाबतीत तुमचं पारडं गावातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे. त्या काळच्या श्रीमंत स्वयंपाकात मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, केशर असे, आणि जोडीला लांब पिंपळी, कुलंजन, कंकोळ. इथली मंडळी हे मसाले इंटरनेटवरून इवल्याशा डब्यात सोन्याच्या भावाने मागवतात. तुम्हाला ते देशी दुकानात किंवा पुढच्या भारतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात मिळतील. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतरच्या शतकात मलबारची मिरी कोचीन-गोव्यावरून लिस्बनला जात होती आणि त्याच जहाजांच्या वाटेने मिरची आपल्याकडे येत होती. तेव्हा तिखटाचा डबा घरी ठेवा. तिखटपणा हवा तर पिंपळी आणि सुंठ पुरते. मसाला मात्र आपल्या हाताने नका घालू. कोंबडीत साखर, दालचिनी आणि व्हिनेगर एकदम पडलेलं आपल्या जिभेला आधी खटकतं, पण त्या काळची चव तीच आहे. आधी घरी आठ जणांपुरतं करून बघा आणि प्रत्येक मसाला ग्रॅममध्ये लिहून ठेवा, कारण चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या रिचर्ड दुसऱ्याच्या मुदपाकखान्यात लिहिलेल्या कृतींमध्येही प्रमाणं जवळजवळ नाहीत. ‘घे, कुट, उकळ, वाढ’ इतकंच.

शाकाहाराची चिंता करू नका, ॲलर्जीची करा. उपासाचे दिवस त्या समाजात इतके होते (इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५६३ च्या कायद्याने शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मासळीचा वार ठरवला, हेतू कोळ्यांचा धंदा आणि आरमार जगवण्याचा) की मांसाविना आणि दुधाविना करायचे पदार्थ भरपूर सापडतात. गोची अशी की त्यातले निम्मे बदामाच्या दुधात असतात. बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा हा अमेरिकेतल्या नऊ मुख्य ॲलर्जींपैकी एक. २०२३ पासून तिळाचाही त्या यादीत समावेश झालाय. माझी पद्धत अशी: बदाम फक्त एका पदार्थात, तो पदार्थ शेवटच्या फेरीत, वेगळ्या रंगाच्या वाडग्यात. प्रत्येक पदार्थाची संपूर्ण घटकयादी हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरात, आणि तीच यादी तिकीटविक्री सुरू होतानाच लोकांसमोर. पॉटेजमध्ये कोंबडीचा स्टॉक टाकायचा मोह आवरा. भाज्यांच्या पाण्यात केलंत की एकच पातेलं सगळ्यांना चालतं, आणि ‘शाकाहारींचं वेगळं’ हा ताप संपतो.

काउंटीच्या आरोग्य खात्याला महिनाभर आधी फोन करा. तात्पुरता अन्नपरवाना लागतो का, घरी शिजवून आणलेलं चालतं का, हे राज्यागणिक बदलतं. आदल्या दिवशी शिजवायचं असेल तर एक नियम पाठ करा: गरम अन्न ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत उतरलं पाहिजे. वीस लिटरचं पॉटेजचं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर ते सकाळीही कोमट असतं. उथळ ट्रेमध्ये ओता, बर्फावर ठेवा, मग आत.

वाढण्यात मंडळाचा अनुभव तुम्हाला सर्वात जास्त उपयोगी पडेल, कारण ही पंगतच आहे, फक्त वाढपी ताटात वाढत नाही, टेबलावर भरलेला वाडगा ठेवतो. आठ जणांचं एक टेबल, एका टेबलाला एक वाडगा. स्वयंपाकघरातच आठ जणांपुरतं मोजून भरायचं. बुफे लावू नका. बुफेत पहिले तीस जण दुप्पट घेतात आणि शेवटच्या वीस जणांना कोंबडी संपली हे सांगायला तुम्हालाच बाहेर जावं लागतं. तेरा टेबलांना सात वाढपी पुरतात, प्रत्येकाकडे दोन टेबलं, एकाकडे एकच आणि तोच मुख्य टेबलाचा. शाळकरी मुलं हे काम फार छान करतात. त्यांना पोशाख हवा असतो, मिरवायचं असतं आणि शाळेसाठी सेवेचे तास हवे असतात. फक्त त्यांच्यावर एक मोठा माणूस ठेवा, जो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहील आणि आत कुणालाही, मेळ्यातल्या राजा-राणीलासुद्धा, येऊ देणार नाही.

जेवणाआधी हात धुवायचा विधी ठेवा. सुरई, तस्त आणि खांद्यावर टॉवेल घेतलेली मुलं टेबलाटेबलावर जाऊन पाहुण्यांच्या हातावर गुलाबपाणी घालतात. त्या काळच्या प्रतिष्ठित घरातली हीच रीत होती. पाहुणे खूश होतात आणि तुम्हाला आत दहा मिनिटं फुकट मिळतात. काटे मागणाऱ्याला काटा द्या. इंग्रज माणूस तेव्हा सुरी, चमचा आणि बोटांनीच जेवत होता. टॉमस कोरयट नावाच्या प्रवाशाने इटलीत काट्याने जेवणारे लोक पाहून १६११ मध्ये त्याचं वर्णन छापलं तेव्हा त्याची चेष्टाच झाली. हाच कोरयट पुढे पायी हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेला वारला. टेबलावर सांगायला हा किस्सा चांगला आहे, विशेषतः तिसरी फेरी लांबली तर.

पैशांचं एकच उदाहरण देते, कारण समित्या नेहमी याच ठिकाणी फसतात. समजा हॉल, विमा, परवाना मिळून ठरलेला खर्च ९०० डॉलर. अन्न माणशी १२ डॉलर. तिकीट २२ डॉलर. जागा १०४. सगळी तिकिटं विकली गेली तर २२८८ जमा, २१४८ खर्च, १४० शिल्लक. आता समितीने ‘मुख्य टेबलावरचे आठ पाहुणे आपले’ म्हणून फुकट बसवले. जमा २११२, खर्च तोच २१४८. सगळं घर भरलेलं असून ३६ डॉलर खिशातून. तेव्हा फुकट जागा किती हे तिकिटाची किंमत ठरवताना लिहून घ्या, नंतर नाही. आणि विक्री मेळ्याच्या आठ दिवस आधी बंद म्हणजे बंद. दारात येऊन ‘आणखी दोघं’ म्हणणाऱ्यांना दिवसाच्या स्टॉलवरची तंगडी दाखवा.

दिवसाच्या मेळ्याबद्दल फार लिहीत नाही, तो तुमचा विभाग नाही. लढाईच्या रिंगणाभोवती दोरी, धनुष्यबाणाच्या मागे मोकळं मैदान, आणि लोकरी झगे घालून उन्हात फिरणाऱ्यांसाठी भरपूर पाणी, इतकं त्या प्रमुखाला बजावा. शक्य असेल तर उसन्या पोशाखांचा तंबू फाटकाजवळच लावायला सांगा.

आता बैठक. तिच्यासाठी मेळ्याच्या दिवशी तीन गोष्टी जमवायच्या.

पहिली, घड्याळाचा कागद. फ्रिजच्या दारावर चिकटवा, शेजारी दोरीने पेन बांधा. डाव्या रकान्यात ठरलेली वेळ, उजव्यात प्रत्यक्ष वेळ: पाव गेला, पॉटेज गेलं, कोंबडीचा पहिला घाणा निघाला, दुसरा निघाला, पहिली फेरी टेबलावर, दुसरी, तिसरी. हे लिहायला एक माणूस नेमा ज्याला स्वयंपाक येत नाही. स्वयंपाक येणारा लिहिणं सोडून ढवळायला जातो.

दुसरी, परत आलेले वाडगे. आत येणाऱ्या प्रत्येक वाडग्याकडे बघून रेघ मारायची: रिकामा, अर्धा, भरलेला. कोणता पदार्थ, किती टेबलं. हे भांडी घासणाऱ्यांनी करायचं, कारण खरकटं त्यांनाच दिसतं. तिसरी, दारात द्यायच्या जेवणाच्या चिठ्ठ्यांपैकी उरलेल्या चिठ्ठ्या. तिकीट काढूनही न आलेले किती, हे त्यांच्यातून कळतं.

यातला कुठलाही एक कागद एकटा वाचला तर फसवतो. एका मेजवानीत आमच्याकडे तेरापैकी नऊ टेबलांवरून फ्रुमेंटी जवळजवळ भरलेली परत आली. बैठकीत पहिलं वाक्य आलं, ‘लोकांना फ्रुमेंटी आवडत नाही, काढून टाका.’ मग घड्याळाचा कागद काढला. तिसरी फेरी ठरलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा बाहेर गेली होती, आणि त्या चाळीस मिनिटांत कुणीतरी भल्या मनाने पाहुणे खोळंबले म्हणून दुसऱ्यांदा पाव आणि लोणी फिरवलं होतं. माणसं पावावर जेवली होती. पुढच्या वेळी फ्रुमेंटी तीच ठेवली, तिला दुसऱ्या फेरीत आणलं, पावाच्या टोपल्या मोजून दिल्या. वाडगे रिकामे आले. तुमच्याकडेही उरलेलं अन्न आणि उशीर ही दोन वेगळी दुखणी नसावीत, असा माझा संशय आहे.

बैठक दुसऱ्या दिवशी घेऊ नका. सगळ्यांचे पाय सुजलेले असतात. महिन्याने घेऊ नका. तोवर किस्से पक्के झालेले असतात. दहा ते चौदा दिवसांत, पावत्या जमल्यावर. मात्र त्याच रात्री, भांडी आवरून झाल्यावर, प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाकडून एक कार्ड भरून घ्या: काय संपलं, काय तुटलं, कोणती वस्तू कमी पडली. मत नको, वस्तू हव्यात. ‘ओघराळी दोनच होती, चार हवी होती’ हे मोलाचं. ‘नियोजन ढिसाळ होतं’ याचा काही उपयोग नाही.

अध्यक्षपद मेळ्याच्या प्रमुखाकडे देऊ नका आणि तुम्हीही घेऊ नका. ज्याने त्या दिवशी काहीच चालवलं नाही असा माणूस बसवा. सुरुवात कागद वाचून: इतक्या वाजता हे गेलं, इतके वाडगे भरलेले आले, इतके पैसे आले. तेव्हा कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग एकेका गोष्टीवर कारण शोधायचं, आणि कारण सापडलं की पुढच्या वर्षीसाठी एक बदल, एक नाव आणि एक तारीख. नाव घ्यायला कुणी तयार नसेल तर तो मुद्दा वगळून टाका, यादीत लोंबकळत ठेवू नका. माणसामाणसांतल्या कुरबुरी बैठकीत घेऊच नयेत. मेळ्याचा प्रमुख आणि ज्यांचं बिनसलं ती दोन माणसं, चहावर, वेगळं.

पाहुण्यांनाही विचारा, पण तीनच गोष्टी: याच किमतीला पुन्हा याल का, कोणता पदार्थ खाल्ला नाहीत, किती वेळ ताटकळलात. ‘कसं वाटलं’ विचारलंत की ‘छान’ येतं. पाहुणा आपल्याच गावातला असतो, तो तुमच्या तोंडावर दुसरं काय म्हणणार?

आणि त्या दोघींबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण एक विचारते: त्या स्वयंपाक करून नंतर भांडी घासत होत्या का, आणि त्या रात्री जेवल्या होत्या का? स्वयंसेवक सोडून जातात त्याची कारणं बहुतेक वेळा या दोनांत सापडतात. ज्याने रांधलं त्याने घासायचं नाही. भांड्यांची तुकडी वेगळी जमवा आणि ती संध्याकाळी सातला ताजी येऊ द्या. गावातल्या फुटबॉल संघाला, स्काउटांना विचारा, मोबदल्यात त्यांच्या संस्थेला देणगी द्या. स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी एक टेबल राखून ठेवा आणि पहिली फेरी बाहेर गेली की त्यातले निम्मे बसतील, दुसरी गेली की उरलेले. त्यांच्या जागा १०४ मध्ये धरा, उरलंसुरलं त्यांना देऊ नका. बैठकीच्या आधी त्या दोघींना तुम्ही स्वतः फोन करा आणि यंदा काय नको आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. परत आल्या तर उत्तमच, पण नाही आल्या तरी ती यादी तुमच्या कामाची आहे.

टेबलावर न गेलेलं अन्न निवाऱ्याला देता येतं. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने चांगल्या हेतूने अन्नदान करणाऱ्याला संरक्षण आहे. निवाऱ्याशी आधी बोलून ठेवा, रात्री नऊला कोण दार उघडेल ते विचारा आणि गाडी कुणाची ते ठरवा. टेबलावरून परत आलेलं मात्र कुणी घेत नाही, ते टाकावंच लागतं.

शेवटी हे सगळं एका फाइलमध्ये: स्वयंपाकघराचा नकाशा, प्लग आणि ब्रेकरचे आकडे, ग्रॅममधल्या कृती, खरेदीची यादी आणि प्रत्यक्ष पावत्या, घड्याळाचा कागद, वाडग्यांच्या रेघा, बैठकीत ठरलेले बदल. दोन प्रती काढा. एक वाचनालयात ठेवा, दुसरी पुढच्या वर्षीच्या आचाऱ्याला द्या, आणि तो आचारी कोण हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. नाही ठरलं तर पुढच्या वर्षीही तुमच्याच दारात येतील.